मेळघाटातली जाळरेषा

15 फेब्रुवारी ते 15 जून. मेळघाटात हे चार महिने आगीचा हंगाम म्हणून मोजले जातात, आणि या काळात बीटगार्डपासून (बीट म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेला जंगलाचा तुकडा) वरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात एकच विषय असतो, आपल्या भागात अंगार लागला नाही पाहिजे. बाहेरून येणारे लोक नेमके याच महिन्यांत येतात, कारण पाणी आटलेलं असतं, जनावरं पाणवठ्यावर दिसतात, झाडांची पानं गळल्यामुळे लांबवर नजर जाते. सेमाडोहला राहायचं, कोलकासला सिपना नदीच्या काठावर चहा घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ सफारी, वाघ दिसला तर भारीच, नाहीतर रानगवा आणि अस्वलावर समाधान. यात वाईट काही नाही, मी पण पाहुण्यांना असंच फिरवते. पण जिप्सीतून जाताना डोंगराच्या धारेवरून खाली उतरत गेलेला एक काळा पट्टा दिसतो, भांग पाडल्यासारखा सरळ, आणि पाहुण्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, अरे बापरे, इथं आग लागली होती वाटतं. तो पट्टा मुद्दाम जाळलेला असतो, पुढे आग लागलीच तर तिला तिथं जळायला काही मिळू नये आणि ती अडावी म्हणून. त्याला जाळरेषा म्हणतात. या जाळरेषेबद्दल आणि ती ज्यांच्या हातांनी तयार होते त्यांच्याबद्दल कितीतरी दिवसांपासून लिहायचं मनात होतं.

मी परतवाड्याची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमरावतीहून मेळघाटात शिरायचं तर परतवाड्यावरूनच जावं लागतं, तिथून एक रस्ता चिखलदऱ्याला चढतो आणि दुसरा घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला आणि पुढे बऱ्हाणपूरला जातो. आमचं गाव सागवानावर वाढलेलं. आरागिरण्या, फर्निचरवाले, लाकडाचे ट्रक, आणि वनखात्याचा मोठा लाकूड डेपो जिथं लिलावासाठी लांबलांबून व्यापारी यायचे. माझे बाबा एका आरागिरणीत मुनीम होते. लिलावाच्या दिवशी ते डेपोत जायचे आणि सुट्टी असली की मी मागे लागून सोबत जायची. थप्प्याच थप्प्या. प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर हातोडीने मारलेला ठसा, त्याच्या बाजूला रंगाने लिहिलेला नंबर, लांबी, गोलाई. बाबा ओंडक्याच्या तोंडाशी वाकून बघायचे, मधे पोकळ आहे का, गाठ कुठं आहे, रेषा सरळ आहेत का, मग बोटाने वहीत टिचकी मारून पुढच्या लॉटकडे. ताज्या कापलेल्या सागाचा तो चामड्यासारखा तेलकट वास अजूनही कुठं आला तर मी थांबते. म्हणजे माझ्यासाठी जंगल म्हणजे आधी डेपो होता, मग कितीतरी वर्षांनी झाडं आली, आणि माणसं तर त्याच्याही नंतर.

हे फक्त माझं नाही, सरकारचंही बऱ्यापैकी असंच होतं. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटचं जंगल राखीव झालं. राखीव कशासाठी, तर सागासाठी. जंगलाचे कंपार्टमेंट पाडले, कुठल्या वर्षी कुठला कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला तुकडा, तोडायचा याचे आराखडे ठरले, रस्ते काढले, जागोजागी रेस्टहाऊस बांधली (त्यातली काही इतक्या सुंदर जागी आहेत की जागा निवडणाऱ्याला दाद द्यावी लागते). पण तोडायला माणसं लागतात, रस्ते दुरुस्त करायला लागतात, रोपवनात निंदायला लागतात, आग विझवायला तर लागतातच लागतात, आणि या डोंगरात बाहेरचा मजूर टिकत नव्हता, मलेरियाने बेजार व्हायचा. मग खात्यानेच जंगलात गावं वसवली. वनग्राम. कोरकू आदिवासी कुटुंबांना घरापुरती आणि शेतीपुरती जमीन दिली, जमीन त्यांच्या नावावर नाही, खात्याची, आणि बदल्यात बोलावलं की कामावर यायचं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सगळीकडे ही पद्धत होती. कोरकू आधीपासून या डोंगरात होतेच, त्यांची भाषा मुंडा कुळातली, मराठी-हिंदीशी तिचं काही नातं नाही, आणि त्यांचं गाव बघितलं तर एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर तोंड करून घरांच्या दोन सरळ रांगा, वेशीवर त्यांचा ग्रामदेव मुठवा. पण वनग्राम झाल्यावर त्यांचं जंगलाशी नातं कागदावर मजुराचं झालं. माझ्या मते आजच्या मेळघाटातल्या निम्म्याअधिक भांडणांचं मूळ या एका गोष्टीत आहे आणि तिच्याबद्दल बोललं सगळ्यात कमी जातं.

मग काळ बदलला. 1972 चा वन्यजीव कायदा आला, 1973 ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटचं नाव लागलं, 1974 मध्ये. आज गाभा क्षेत्र साधारण 1500 चौरस किलोमीटर आणि त्याभोवतीचा बफर साधारण 1268, मिळून 2768 च्या आसपास. त्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान आलं, मेळघाट अभयारण्य आलं, अकोट बाजूचं नरनाळा, वान, आणि पार बुलढाणा जिल्ह्यातलं अंबाबरवा पण आलं. ज्या खात्याचं काम कूप तोडणं होतं त्याच खात्याचं काम आता वाघ राखणं झालं. आणि ज्या गावांना त्यानेच वसवलं होतं ती गावं आता, काय म्हणायचं, अडचण झाली. गाभ्यात गुरं नकोत, मोहफूल वेचणं नको, तेंदूपत्ता नको, बांबू नको. एका आयुष्यात माणसाला खात्याने आधी जंगलात बोलावलं आणि मग जंगलातून जा म्हटलं, असे म्हातारे लोक मेळघाटात मला भेटलेले आहेत, आणि ते हे सांगताना चिडत पण नाहीत, नुसतं सांगतात.

हे लिहिताना मला एक स्पष्ट करायचंय. सरकारी जंगल म्हटलं की लगेच सरकारला शिव्या घालायच्या, हे मला पटत नाही. मेळघाट आज उभा आहे तो राखीव होता म्हणूनच आहे. परतवाड्याच्या आरागिरण्यांची भूक मी जवळून बघितलीय, डेपोच्या दाराबाहेरून रात्री येणारं लाकूड पण ऐकून माहीत आहे, आणि या जंगलाला कायद्याचं कुंपण नसतं तर आज सेमाडोहच्या घाटात बोडके डोंगर असते यात मला तिळमात्र शंका नाही. 2013 च्या सुमाराला वाघांच्या शिकारीच्या एकामागून एक केसेस उघड झाल्या, मध्य प्रदेशातल्या टोळ्या होत्या, तेव्हा खात्याच्याच माणसांनी मोबाईलचे कॉल रेकॉर्ड तपासत तपासत आरोपी दुसऱ्या राज्यांतून पकडून आणले आणि कोर्टात शिक्षा होईपर्यंत पाठपुरावा केला. तेव्हा खात्याचं काम खोटं नाही. प्रश्न एवढाच आहे की ते काम खरंच करतं कोण.

तर आग. मेळघाट पानझडीचं जंगल, आणि त्यात साग सगळ्यात जास्त. साग, ऐन, धावडा, तिवस, हळदू, लेंडिया, सालई, आवळा, तेंदू, मोह, ओढ्याकाठी अर्जुन आणि जांभूळ, उतारावर बांबू. चिखलदऱ्याला पावसाळ्यात छत्री उलटी होईल असा पाऊस पडतो पण जमीन काळ्या दगडाची, उताराची, पाणी थांबतच नाही, खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या सगळं पाणी घेऊन तापीकडे पळतात, आणि मार्चपासून नदीत फक्त डोह उरतात. तेव्हाच सागाची पानं गळतात. सागाचं पान सुपाएवढं, वाळलं की पापडासारखं कडक, पाय पडला की आवाज दोनशे पावलांवर जातो. खाली हा पाचोळा, त्यात वाळलेलं गवत, त्यातही तिखाडी, म्हणजे ते सुगंधी गवत ज्याचं तेल काढतात आणि आमच्याकडे म्हातारी माणसं गुडघ्याला लावतात, ते तेलामुळे असं पेटतं की विचारू नका. मधे मधे रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, वाळकी झुडपं. एवढं सगळं तयार असताना एक बिडी पुरते.

आग मोठ्या सागाला फार काही करत नाही, त्याची साल जाड, तो झळ सोसतो. म्हणून पूर्वी लाकडाच्या हिशोबाने बघणाऱ्यांना आग तितकी डोळ्यात खुपत नसावी. पण खालची रोपं मरतात, नाजूक सालीची झाडं मागे पडतात, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सरडे, कासवं, सगळं जातं, पाचोळ्याचा थर गेला की पहिल्याच पावसात माती वाहून जाते. वर्षानुवर्षं आग लागत राहिली की जंगलात सागच साग उरतो, आणि नुसता साग हरणाच्या पोटाला काही कामाचा नाही. वाघ हवा असेल तर हरीण हवं, हरीण हवं तर गवत आणि कोवळा पाला हवा, आणि तो हवा असेल तर एप्रिलमध्ये आग नको. अख्खा व्याघ्र प्रकल्प या एका साखळीवर उभा आहे.

माझी शाळेतली एक मैत्रीण वनरक्षक आहे. तिच्यामुळे मला जाळरेषेचं काम जवळून बघायला मिळालं, बफरमधल्या एका राऊंडमध्ये, म्हणजे काही बीटांच्या गटात. गाव आणि नाव मी लिहीत नाही. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळायला लागलं की आधी रेषेवरचं गवत आणि झुडपं कापतात. काही रेषा दहा-बारा मीटर रुंद, काही जेमतेम तीन. कापलेलं गवत रेषेच्या मधोमध ओढून पसरवून वाळू देतात. आणि मग फेब्रुवारीच्या मध्याच्या आत, वारा पडलेला असताना, ते जाळायचं. एवढं लिहिलं की सोपं वाटतं. पण डोंगराच्या धारेवर, दोन्ही बाजूंनी वाळलेलं जंगल उभं असताना, मधली फक्त एक पट्टी जाळायची आणि आग काठाच्या एक हातही पुढे जाऊ द्यायची नाही, हे काम समोर उभं राहून बघा. दोन्ही काठांवर माणसं हिरव्या फांद्या घेऊन उभी. एक जण पेटती काडी घेऊन पुढे, पण वरून खाली येत, खालून वर कधीच नाही.

का, असं मी विचारलं तेव्हा त्या टोळीतले सगळ्यात वयस्क काका म्हणाले, "बाई, अंगार चढाले पळते, उतराले रांगते." मग त्यांनी चप्पल काढून पायाच्या अंगठ्याने मातीत उतार काढला आणि दाखवलं की वारा दुपारी दरीतून वर येतो आणि सूर्य बुडाला की उलटा वरून खाली सुटतो, आणि या दोन्हीच्या मधला जो थोडा वेळ हवा मेल्यासारखी असते तेवढ्यात काम उरकायचं. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. ते एका मोईच्या झाडाच्या शेंड्याकडे बघत होते, तिथं उरलेली दोन-चार पानं हलायची थांबली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि काडी पेटली. माझी मैत्रीण गणवेशात, रजिस्टर तिच्याकडे, सही तिची, पण त्या क्षणी तिचं लक्ष काकांच्या हाताकडे होतं. तिनेच मला नंतर सांगितलं की ट्रेनिंगमध्ये आगीवर चॅप्टर होता आणि तो चांगला होता, पण या डोंगरावरचा वारा तिला काकांनी शिकवला.

आग लागलीच तर काय होतं तेही ऐका. आता सॅटेलाईटवरून अलर्ट येतो, भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून, मोबाईलवर मेसेज, अक्षांश-रेखांशासकट. उत्तम सोय आहे. फक्त मेळघाटात अर्ध्या बीटांमध्ये रेंज नाही. तेव्हा मेसेज परतवाड्याला पोचतो, तिथून वायरलेसवर कॅम्पला, आणि तोपर्यंत बऱ्याचदा संरक्षण कुटीवरच्या माणसाने धूर बघितलेला असतो आणि तो निघालेलाही असतो. ब्लोअर आलेत आता, पाठीवर अडकवायचं मशीन, जोरात हवा मारून पाचोळा बाजूला सारतं आणि आगीपुढे मोकळी जमीन तयार होते, हे यंत्र फार कामाचं आहे आणि अजून हवीत. पण ब्लोअरला पेट्रोल लागतं आणि पेट्रोलचा कॅन खांद्यावर घेऊन दोन डोंगर ओलांडायला माणूसच लागतो. पाणी तर विचारूच नका. तिथं कुठली फायर ब्रिगेड येणार. आग फांदीने झोडपून विझवायची, नाहीतर तिच्या वाटेत पुढे जाऊन उलटी आग लावायची म्हणजे दोघी समोरासमोर भेटून मरतात. रात्रभर. सोबत पाण्याची एक बाटली, गूळ-फुटाणे किंवा घरून बांधून आणलेली भाकर. सकाळी परत येतात तेव्हा भुवया जळालेल्या असतात, खोकला दोन-तीन दिवस जात नाही, आणि पायांत बहुतेकांच्या साध्या चपला. यातले बहुतेक लोक फायर वॉचर म्हणून हंगामी कामावर असतात, रोजंदारीने. पावसाळा आला की काम संपलं.

आणि आग लावतं कोण, तर शहरात बसून पटकन उत्तर मिळतं, आदिवासी लावतात. अर्धं खरं आहे ते, आणि अर्धंच. मोहफुलं मार्चमध्ये पहाटे पडतात, खाली पाचोळा असला तर पिवळसर फुलं सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि ती आग कधी कधी सुटते. तेंदूची नवी पालवी चांगली फुटावी म्हणून आग लावायची समजूतही आहे आणि त्यात फक्त वेचणारे नाही, त्यांच्याकडून पत्ता घेणारेही सामील असतात. कोणी मध काढताना मशाल टाकतं. पण रस्त्याकडेच्या आगी? परतवाडा-धारणी रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक जातात, पर्यटकांच्या गाड्या जातात, घाटात थांबून स्वयंपाक करणारे, सिगारेट फेकणारे, ते कोण? आणि क्वचित सूड म्हणूनही आग लागते, गार्डने गुरं पकडली, दंड केला, कोणाची कुऱ्हाड जप्त झाली, त्याचा राग काडीतून निघतो. हे मी समर्थन म्हणून लिहीत नाहीये. पण जिथं गाव आणि खातं यांच्यात बोलणं चालू आहे तिथं मोहाखाली आता झाडूने झाडतात, जाळ्या बांधतात, आणि चुकून आग सुटलीच तर लावणाराच पळत येऊन सांगतो. जिथं बोलणं बंद आहे तिथं सांगणारा कोणी नसतो. मैत्रिणीच्या शेजारच्या दोन बीटांमध्ये मला हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसला, झाडं तीच, उतार तोच.

पुनर्वसनाबद्दल लिहायला हवं, टाळता येणार नाही. बोरी, कोहा, कुंड ही गाभ्यातली गावं 2000 च्या आसपास बाहेर आली, नंतर अजून कितीतरी आली, वैराट, चुर्णी, अकोट बाजूची अमोना, नागरतास, धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपानी. सुरुवातीला जमीन दिली गेली, मग 2008 पासून कुटुंबामागे दहा लाखांचं पॅकेज आलं, 2021 मध्ये ते पंधरा लाख झालं. जुन्या गावांच्या शेतांवर खात्याने गवताची कुरणं तयार केली, रायमुनिया उपटून, पवन्या-मारवेल सारखी चांगली गवतं वाढवून, आणि तिथं आज सांबर, गवे, मागोमाग वाघ येतो. ही कुरणं मी पाहिलीत आणि त्यांचा मला मनापासून आनंद झाला, जंगलाला उसंत मिळाली हे खरंच आहे. रानपिंगळा नावाचं ते छोटं घुबड, जे संपलं असं जगाने धरलं होतं आणि 1997 मध्ये शहाद्याजवळ तब्बल 113 वर्षांनी परत सापडलं, त्याची जगातली सगळ्यात मोठी वस्ती मेळघाटातच मानली जाते, त्यालाही असं विरळ, शांत सागवानच हवं असतं.

पण मी बाहेर वसवलेल्या गावांतही गेलेय, अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर. तिथं एप्रिलचा पारा कुठं जातो हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. डोंगरात जन्म गेलेली म्हातारी तिथं पत्र्याखाली बसलेली असते, आजूबाजूला एक मोह नाही, एक ओढा नाही, सरपण विकत, भाजी विकत, पैसे आले ते मोटरसायकल आणि लग्नात गेले कारण एवढे पैसे कसे वापरायचे हे कोणी बसून सांगितलंच नाही. 2019 च्या जानेवारीत यातल्या काही गावांतले लोक सामान घेऊन परत जंगलात गेले, सांगितलेल्या सोयी मिळाल्या नाहीत हे त्यांचं म्हणणं होतं, आणि मग खात्याशी झटापट झाली, दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. त्या बातम्या वाचताना मला सारखं वाटत होतं की या दोन्ही बाजू कधीकाळी एकाच जाळरेषेवर उभ्या राहिलेल्या असणार. तिथं गार्डच्या शेजारी फांदी घेऊन उभा राहिलेला माणूस आता त्याच्यासमोर दगड घेऊन उभा होता. यापेक्षा मोठं नुकसान जंगलाचं कोणतं?

दुसऱ्या टोकाला पायविहीर आहे. परतवाड्यापासून जवळ, डोंगराच्या पायथ्याशी, व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला 2012 मध्ये जवळपास दोनशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल कसलं, तेव्हा बरंचसं उघडं रान होतं. गावाने चराई बंद केली, कुऱ्हाडबंदी केली, चर खोदले, झाडं लावली, सीताफळ राखलं, राखायला गावातलीच माणसं पाळीने ठेवली. खोज नावाची संस्था सोबत होती, आणि रोजगार हमीची कामं जंगलातच काढली त्यामुळे बाहेर जाणारी माणसं थांबली. सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली. 2014 मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं कौतुक आहेच पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथं आग लागली तर अलर्टची वाट बघावी लागत नाही. बायका घरातून भांडं टाकून पळतात. जंगल कागदावर अजूनही सरकारचंच आहे, पण ठरवायचा हक्क गावाचा आहे, कधी कापायचं, कुठं चारायचं, कोणाला दंड करायचा.

म्हणून मला वाटतं की गाभा क्षेत्राचं काय करायचं यावर वाद होत राहतील, तिथं सरकारचा हात घट्ट हवा असं माझंही मत आहे, पण बफरमधली जी गावं कुठंच जाणार नाहीयेत, हरिसालपासून काटकुंभपर्यंत, जारिदा, हतरू, तिथं तरी त्या माणसांना रोजंदारीच्या पलीकडे काहीतरी मिळायला हवं. जाळरेषा कुठून काढायची हे ठरवताना काकांना विचारायला हवं, आणि ते कागदावर यायला हवं, त्यांच्या नावानिशी. विमा हवा, चांगले बूट हवेत, मास्क हवा, दवाखान्यात धुराची तपासणी हवी. आणि मजुरी वेळेवर हवी, ही तर अगदीच साधी गोष्ट झाली पण मेळघाटात कुठल्याही गावात बसा, पहिलं गाऱ्हाणं तेच निघतं, काम केलं आणि पैसे आले नाहीत. होळी आली तरी आले नाहीत.

होळी हा मेळघाटातला सगळ्यात मोठा सण. दिवाळीनंतर जी पोरं कामाला बाहेर जातात, कोणी हरभऱ्याच्या काढणीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-सुरतेकडे, ती सगळी होळीला परत येतात. पाच दिवस गावं नुसती भरलेली असतात, ढोल, बासरी, रात्र रात्र नाच, रस्त्यावर पोरीबाळी गाड्या अडवून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात, पुढे मेघनाथाची जत्रा. आणि होळी पडते बरोबर आगीच्या हंगामात. म्हणजे वर्षातले ते पंधरा दिवस असे असतात की मेळघाटात तरुण माणसं भरपूर असतात आणि खात्यालाही नेमकी तेव्हाच माणसं हवी असतात. मग होळी उरकते, बस भरून जातात, एप्रिल-मे सगळ्यात वाईट महिने, आणि रेषेवर उरतात काका आणि त्यांच्या वयाची माणसं.

गेल्या होळीला काकांचा नातू आला होता. पुण्यात बांधकामावर असतो, सेंट्रिंगचं काम. मी तिथं असताना तो काकांसोबत दोन रात्री आगीवर गेला, हौसेने, पैशांचं काही ठरलेलं नव्हतं. मैत्रीण म्हणत होती की पोरगा तयार आहे, डोंगर कळतो त्याला, वाराही कळतो, असा एक जण बीटला मिळाला तर माझी अर्धी काळजी मिटेल. मी त्याला विचारलं, थांबशील का इथं. तो म्हणाला, "चार महिन्याच्या कामावर बायको-पोरं नाही चालत ताई. बारमाही करा म्हणा साहेबाले, आजच थांबतो." त्याची गाडी दुपारची होती, धारणीहून. मैत्रिणीने त्याचा नंबर रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेतला आणि बारमाही जागेचा प्रस्ताव वर पाठवते म्हणाली. तिने तो पाठवलाय. उत्तर यायचंय.